पथ्य, औषध आणि विवेक

(मंडळाच्या कात्रज येथील वार्षिक स्नेहसंमेलनात झालेल्या भाषणाचा मसुदा)



‘औषधावाचून आरोग्य’ ह्या विषयावर आजच्या संमेलनात चार शब्द बोलावेत, अशी आज्ञा कार्यवाहांनी केली तेव्हा आम्ही ती प्रथम नम्रपणे नाकारली होती. आम्ही वैद्य नव्हे, आणि डॉक्टरही नव्हे. ज्याला ज्या विद्येचा अधिकार नाही त्याने तीविषयी व्यासपीठावरून बोलू नये, हा संकेत आम्हांस मान्य आहे. परंतु मागाहून विचार केला, तो असे वाटले की ह्या विषयापायी आमच्या घरात जे घडले ते आपणांपुढे ठेवणे हे ज्ञातिबांधव ह्या नात्याने आमचे कर्तव्यच आहे. म्हणून हा धीर केला आहे. उपदेश करण्याचा अधिकार नसला, तरी अनुभव सांगण्याचा अधिकार प्रत्येकास असतो.

आज आपण ज्या कात्रज गावी जमलो आहोत तेथूनच विषयास प्रारंभ करू. अठराव्या शतकाच्या मध्यास नानासाहेब पेशव्यांच्या काळी येथील ओढ्यावर बांध घालून तलाव करण्यात आला आणि त्याचे पाणी दगडी भुयारी नळाने पुण्याच्या पेठांतील हौदांपर्यंत नेण्यात आले. त्या नळावर ठिकठिकाणी विहिरीसारखे उच्छ्वास ठेवले होते. तेथे पाण्याचा वेग मंदावे, गाळ तळाशी बसे, आणि निवळलेले पाणी पुढे जाई. ज्यांनी ही योजना केली त्यांना जंतूंची माहिती नव्हती. परंतु स्वच्छ पाणी हे आरोग्याचे मूळ आहे एवढे ते जाणून होते. रोग झाल्यावर धावाधाव करण्यापेक्षा तो होऊच नये अशी तजवीज करावी, हे निसर्गोपचाराचे पहिले सूत्र. ते आपल्या पूर्वजांनी ह्या मातीत दगडाने बांधून ठेवले आहे. तेव्हा ह्या विचाराची थट्टा करण्यास आम्ही उभे राहिलेलो नाही, हे आरंभीच सांगून ठेवतो.

आता घरची गोष्ट. आमचे ज्येष्ठ बंधू ह्याच परिसरात राहतात. रक्तदाबाची एक गोळी ते आठ वर्षे नियमाने घेत असत. प्रकृती धडधाकट, रोज सकाळी तलावाच्या बाजूस फेरी, कसलेही व्यसन नाही. एके दिवशी आमच्या मोबाईलवर एका स्नेह्याकडून मजकूर आला. शेवग्याचा पाला आणि लसूण ह्यांचा काढा एकवीस दिवस घेतला असता रक्तदाब समूळ नाहीसा होतो, आणि गोळ्या मात्र मूत्रपिंडे निकामी करतात, असा त्याचा आशय होता. तो मजकूर बंधूंना आम्हीच वाचून दाखविला. पालाही आम्हीच आणून दिला. एकवीस दिवसांनी त्यांना इतके प्रसन्न वाटू लागले की त्यांनी गोळी बंद केली, आणि आम्ही त्यांचे अभिनंदन केले. रक्तदाब मोजून पाहावा असे आम्हां दोघांपैकी एकाच्याही मनात आले नाही.

गोळी थांबविल्यास पाचवा आठवडा लागला, तेव्हा एके सकाळी चहाचा पेला त्यांच्या उजव्या हातातून सुटला. बोलू गेले, तो शब्द फुटेना. घरच्या मंडळींना वाताचा झटका वाटला. हातापायांस तेल चोळण्यात दोन-अडीच तास गेले. पुढे रुग्णालय गाठले तेव्हा कळले की मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली आहे. ती विरघळविणारे इंजेक्शन लक्षणे सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावे लागते; तपासण्या होईतो ती वेळ टळून गेली होती. बंधू वाचले. आज ते काठी घेऊन चालतात. शब्दही बरेचसे परत आले आहेत, परंतु सगळे नाहीत.

त्या काढ्यात विष नव्हते. शेवग्याची भाजी आणि लसूण आपण नेहमीच खातो. अपाय झाला तो चालू असलेली गोळी न विचारता थांबविल्यामुळे आणि नंतर तेल चोळण्यात वेळ दवडल्यामुळे. ह्या दोन चुकांची उलगड करणे हाच आमच्या आजच्या भाषणाचा हेतू आहे.

निसर्गोपचाराची चळवळ पुण्यास परकी नाही. किंबहुना भारतातील तिचे एक मोठे पीठ येथेच होते. पुणे स्टेशनजवळच्या ताडीवाला रस्त्यावर डॉ. दिनशा मेहता ह्यांचे निसर्गोपचार केंद्र होते आणि महात्मा गांधी तेथे अनेकदा मुक्कामास असत. १८ नोव्हेंबर १९४५ रोजी निसर्गोपचारासाठी जो अखिल भारतीय न्यास स्थापन झाला, त्याच्या दस्तऐवजावर गांधीजींची सही आहे. पुढे १९८६ साली त्याच वास्तूत राष्ट्रीय निसर्गोपचार संस्थेचे कार्य सुरू झाले.

परंतु गांधीजींचे मन शहरातील आरोग्यधामात रमले नाही. गोरगरीब खेडूत पुण्यास येऊन तेथे राहणार कसा, हा प्रश्न त्यांना पडला. म्हणून मार्च १९४६ मध्ये ते सोलापूर रस्त्यावरील उरुळीकांचन ह्या खेड्यात गेले आणि तेथे त्यांनी ग्रामस्थांवर उपचार आरंभले. उपचार अगदी साधे. सूर्यस्नान, कटिस्नान, अंग घासून स्नान, मातीच्या पट्ट्या, दूध, ताक, फळे आणि रामनाम. काही दिवसांतच राजकीय वाटाघाटींसाठी त्यांना दिल्लीस जावे लागले. आश्रमाची धुरा मणिभाई देसाई ह्यांनी वाहिली, आणि १९९३ साली निधन होईपर्यंत त्यांनी उरुळी हेच आपले कार्यक्षेत्र मानले. आश्रम आजही चालू आहे.

ह्याच मणिभाईंनी १९६७ साली भारतीय कृषी-उद्योग प्रतिष्ठान स्थापन केले आणि गोठविलेले वीर्य वापरून गाईंच्या संकराचे काम खेडोपाडी नेले. मातीच्या पट्टीवर श्रद्धा ठेवणाऱ्या माणसाने गोठ्यात अद्ययावत विज्ञान आणले, आणि त्यात त्यांना विसंगती वाटली नाही. निसर्ग आणि विज्ञान ह्यांचे भांडण आपण आज गृहीत धरून चालतो. उरुळीच्या त्या आश्रमात ते नव्हते.

खुद्द गांधीजींचेच उदाहरण पाहा. १९०९ साली लिहिलेल्या ‘हिंद स्वराज्य’ ह्या पुस्तकात त्यांनी डॉक्टरी पेशावर कठोर टीका केली होती. पुढे १९२४ च्या जानेवारीत ते येरवड्याच्या कारागृहात असता त्यांचे आंत्रपुच्छ सुजले. त्यांना ससून रुग्णालयात हलविण्यात आले. १२ जानेवारीच्या रात्री कर्नल मॅडॉक ह्या इंग्रज शल्यविशारदाने शस्त्रक्रिया केली. मध्येच विजेचे दिवे गेले आणि उरलेले काम कंदिलाच्या उजेडात पुरे करावे लागले. निसर्गोपचाराचा एवढा मोठा पुरस्कर्ता, परंतु प्रसंग ओळखून तो शस्त्राखाली निजला. त्यानंतर जवळजवळ २४ वर्षे ते जगले, आणि उरुळीचा प्रयोग त्याच आयुष्यात झाला. शस्त्रक्रियेनंतर त्यांनी निसर्गोपचार सोडला नाही, हेही ध्यानात घेतले पाहिजे. कोणत्या रोगास काय हवे, हा विवेक त्यांनी वेळेवर केला.

तर मग कोणत्या रोगास पथ्य आणि दिनचर्या पुरी पडते? आमच्या वाचनात आलेले पुरावे मोठे आशादायक आहेत. आपल्याकडे जुनी म्हण आहे की आजार हत्तीच्या पावलांनी येतो आणि मुंगीच्या पावलांनी जातो. मधुमेह आणि रक्तदाब ह्यांची चाल मात्र उलटी. ते येतात मुंगीच्या पावलांनी, वर्षानुवर्षे, आपल्या ताटातून आणि आपल्या खुर्चीतून. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत देशात १०.१ कोटी मधुमेही आणि १३.६ कोटी मधुमेहाच्या उंबरठ्यावरचे लोक असल्याचा अंदाज निघाला. जो रोग राहणीतून येतो त्यावर राहणीचा उपाय चालावा, हे तर्काला धरून आहे. आणि प्रयोगांनीही ते सिद्ध झाले आहे.

अमेरिकेत उंबरठ्यावरच्या लोकांवर एक मोठा प्रयोग झाला. त्याचे निष्कर्ष २००२ साली प्रसिद्ध झाले. आठवड्यास १५० मिनिटे चालण्यासारखा व्यायाम आणि बेताचा आहार ह्यांनी मधुमेह होण्याचे प्रमाण ५८ टक्क्यांनी घटले. मेटफॉर्मिन ह्या गोळीने ते ३१ टक्क्यांनी घटले. म्हणजे येथे चालण्याने गोळीवर मात केली. चेन्नई येथील डॉ. रामचंद्रन ह्यांच्या प्रयोगात, २००६ साली, आपल्या लोकांतही राहणी बदलून हे प्रमाण २८.५ टक्क्यांनी खाली आले. ज्यांना मधुमेह होऊन फार वर्षे झाली नव्हती अशा लठ्ठ रुग्णांवर ब्रिटनमध्ये प्रयोग झाला, त्याचे निष्कर्ष २०१७ साली आले. कडक आहारनियंत्रणाने वजन उतरविल्यावर वर्षाअखेर ४६ टक्के लोकांची साखर औषधावाचून आटोक्यात राहिली. मात्र त्यांच्या गोळ्या थांबविल्या होत्या त्या डॉक्टरांनी, आणि त्यानंतर त्यांची तपासणी सतत चालू होती. रुग्णाने आपल्या मनाने त्या थांबविल्या नव्हत्या.

आपल्यापैकी पुष्कळांस वाटेल की आम्ही तर लठ्ठ नाही, मग आम्हांस भय काय? ह्याचे उत्तर पुण्यातच मिळाले आहे. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक ह्यांनी इंग्लंडमधील डॉ. युडकिन ह्यांच्यासह स्वतःचेच छायाचित्र २००४ साली ‘लॅन्सेट’ ह्या नियतकालिकात प्रसिद्ध केले. उंची आणि वजन ह्यांवरून काढलेला निर्देशांक दोघांचा अगदी सारखा, २२.३. परंतु शरीरातील चरबी त्या गोऱ्या डॉक्टरांची ९.१ टक्के, आणि आपल्या डॉक्टरांची २१.२ टक्के. दिसायला सडपातळ आणि आतून लठ्ठ, अशी आपली ठेवण आहे. तेव्हा वजनाचा काटा पाहून निर्धास्त राहू नये. कंबरेचा घेरही मोजावा.

ह्या संदर्भात आपल्या घरांतील ताटाकडे जरा पाहू. दिवसातून पाच वेळा चहा, प्रत्येक कपात दोन चमचे साखर, एवढ्यानेच चाळीस ते पन्नास ग्रॅम साखर पोटात जाते. जागतिक आरोग्य संघटना वरून घातलेली साखर दिवसास ५० ग्रॅमच्या आत, आणि शक्य तर २५ ग्रॅमच्या आत ठेवा असे सांगते. म्हणजे गोडाचा एक घासही न घेता आपली मर्यादा चहातच संपते. मिठाची मर्यादा दिवसास पाच ग्रॅम, म्हणजे जेमतेम एक लहान चमचा. लोणचे, पापड, फरसाण आणि ताटाच्या डाव्या बाजूचे पांढरे मीठ मिळून ती केव्हा ओलांडली जाते हे कळतही नाही. आपल्या ज्ञातीच्या पंगती प्रेमाच्या असतात, आणि आग्रह हा त्या प्रेमाचा अलंकार. परंतु मधुमेही पाहुण्याच्या पानात तिसरी जिलबी लोटणे हे प्रेम की शत्रुत्व, ह्याचा विचार वाढणाऱ्यांनी करावा.

योगाविषयीही दोन शब्द सांगितले पाहिजेत. लोणावळ्यास स्वामी कुवलयानंद ह्यांनी १९२४ साली कैवल्यधाम स्थापन केले, तेव्हा त्यांनी आसने नुसती शिकविली नाहीत. क्रिया चालू असताना शरीरात काय घडते हे क्ष-किरणांनी आणि दाबमापक यंत्रांनी मोजले आणि ते ‘योगमीमांसा’ ह्या नियतकालिकात छापले. १९३७ साली पुण्यास आलेले बी. के. एस. अय्यंगार ह्यांनी दोर, विटा, खुर्च्या ह्यांचा आधार देऊन वृद्धांना आणि व्याधिग्रस्तांनाही झेपतील अशी आसने बसविली. ही दोन्ही कामे जगाने वाखाणली, ती शिस्तीमुळे. मोजणे, नोंद ठेवणे आणि माणूस पाहून क्रिया देणे ही ती शिस्त. आम्ही काढा दिला तेव्हा ह्यांतील एकही गोष्ट केली नव्हती.

आता दुसरी बाजू. पथ्याने आणि शुद्ध हवेने न भागणारे रोग आहेत, आणि तेथे आशेवर विसंबणे प्राणघातक ठरते. क्षयाचेच पाहा. औषध नव्हते त्या काळी रुग्णांस पाचगणीसारख्या ठिकाणी शुद्ध हवा, दूध आणि विश्रांती ह्यांसाठी ठेवीत. त्याहून अधिक नैसर्गिक उपचार कोणता? तरीही पुष्कळ रुग्ण दगावत. पुढे औषधे निघाली, आणि १९५६ साली मद्रास येथे एक प्रयोग सुरू झाला. काही रुग्णांस आरोग्यधामात उत्तम अन्न, हवा आणि विश्रांतीसह औषध दिले. काहींस तेच औषध त्यांच्या दाटीवाटीच्या गरीब घरांतच दिले. १९५९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला: गुण दोन्हीकडे जवळजवळ सारखाच. औषध नियमित असेल तर झोपडीतही क्षय बरा होतो. ह्या एका प्रयोगाने आरोग्यधामांची गरज संपत गेली. पौष्टिक अन्न रुग्णास हवेच. परंतु ते औषधाच्या जागी नव्हे.

लहान मुलांस होणाऱ्या मधुमेहाची कथा अशीच. १९२२ पूर्वी अशा मुलांस जवळजवळ उपाशी ठेवून काही महिने जगवीत. १९२२ च्या जानेवारीत कॅनडातील टोरांटो येथे पहिल्यांदा एका मुलास इन्शुलिन टोचले, आणि त्या मुलांच्या माथी लिहिलेले मरण टळले. मोठ्यांच्या मधुमेहाचा नियम ह्या मुलांस लावून कोणी इन्शुलिन बंद करावयास सांगेल, तर तो मुलाच्या जिवाशी खेळ होय.

येथून जवळच सर्पोद्यान आहे. तेथे नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे ही नावे आपल्या मुलांनी वाचली असतील. देशात २००० ते २०१९ ह्या काळात सर्पदंशाने वर्षास सरासरी ५८,००० माणसे मृत्युमुखी पडली असा अभ्यासकांचा अंदाज आहे. ह्या विषावर उतारा एकच, घोड्याच्या रक्तापासून तयार केलेली प्रतिविषाची लस. तरीही विष उतरविणारे मांत्रिक आणि मुळ्या उगाळून देणारे गावोगाव नावाजलेले असतात. ह्याचे कारण उघड आहे. बहुतेक साप बिनविषारी असतात, आणि विषारी साप चावला तरी दर वेळी विष सोडतोच असे नाही. जो मरणारच नव्हता तो जगला की श्रेय मुळीला मिळते. आणि जो दगावला तो ‘उशिरा आणला’ ठरतो. विंचूदंशाचीही हीच गत होती. १९८० च्या दशकात महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर ह्यांनी प्राझोसिन ही रक्तदाबाची साधी गोळी त्यावर वापरली, आणि कोकणातील विंचूदंशाचे मृत्यू झपाट्याने उतरले.

काविळीचे उदाहरण तर घरोघरचे. हात धुवून कावीळ उतरविणारे, नाकात थेंब टाकणारे, माळ घालणारे आपण सर्वांनी पाहिले आहेत. दूषित पाण्याने होणारी नेहमीची कावीळ बहुतेकांची काही आठवड्यांत आपोआप ओसरते, म्हणून उपचार करणाऱ्याचे नाव होते. परंतु रक्तातून पसरणारी कावीळ निराळी. ती यकृतात वर्षानुवर्षे ठाण मांडते. आणि दूषित पाण्याचीच एक कावीळ गरोदर स्त्रीच्या जिवावर उठू शकते. डोळे पिवळे दिसले की कोणती कावीळ आहे हे रक्त तपासूनच ठरवावे.

नैसर्गिक म्हणजे निरुपद्रवी, हाही एक भ्रम आहे. दुधी भोपळ्याचा रस कडू लागला तर तो तत्काळ टाकून द्यावा. त्यात कुकुरबिटासीन नावाचे विष असू शकते, आणि असा रस पिऊन मृत्यू झाल्यानंतर भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या तज्ज्ञसमितीने ह्याविषयी इशारा दिला. गुळवेल घेतलेल्या काही रुग्णांच्या यकृतास इजा झाल्याचे मुंबईतील डॉक्टरांनी २०२१ साली नोंदविले. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला. वाद तज्ज्ञांनी मिटवावा. आपण एवढेच करावे, की काढा चालू असेल तर तो डॉक्टरांपासून लपवू नये.

उलट, वनस्पतींतून खरे औषध निघते हेही तितकेच सत्य आहे. सर्पगंधेची मुळी आपल्याकडे पूर्वापार माहीत होती. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील ह्यांनी रक्तदाबाच्या रुग्णांवर तिचा पद्धतशीर अभ्यास केला. कोणाचा दाब किती उतरला हे मोजले आणि १९४९ साली ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये तो निबंध प्रसिद्ध केला. त्यानंतर जगभरच्या डॉक्टरांनी आपली ती मुळी उचलली. आमच्या शेवग्याच्या काढ्यात आणि डॉ. वकिलांच्या सर्पगंधेत फरक एवढाच, की त्यांनी मोजले होते.

आता एक शंका येईल, की लोक डॉक्टर सोडून अशा उपायांकडे वळतात तरी का? त्यास केवळ अज्ञान कारण नाही. तासन्‌तास ताटकळावे आणि दोन मिनिटांत चिठ्ठी हाती पडावी. रोगाचे नाव कोणी समजावून सांगू नये. साध्या सर्दीतापास प्रतिजैविके आणि अशक्तपणास सलाईन मिळावे. आणि शेवटी बिल पाहून छाती दडपावी, हा अनुभव अनेकांचा आहे. निसर्गोपचार सांगणारा माणूस निदान जवळ बसतो, काय खाता, झोप लागते का, असे विचारतो. ही आस्था माणसाला हवी असते. डॉक्टरांनी हा दोष आपला मानावा. परंतु त्या दोषाची शिक्षा आपण आपल्या शरीरास का द्यावी? डॉक्टर बदलता येतो, दुसऱ्याचे मत घेता येते. धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी विनामूल्य आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दराने राखण्याची योजना मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशाने २००६ सालापासून लागू आहे. आपल्या किती कुटुंबांस ती ठाऊक आहे?

म्हणून मंडळापुढे चार सूचना नम्रपणे ठेवतो. एक, प्रत्येक वार्षिक संमेलनात रक्तदाब, रक्तातील साखर आणि कंबरेचा घेर मोजण्याची सोय करावी आणि प्रत्येक कुटुंबाने त्याची वही ठेवावी. दोन, पंगतीत एकच गोड पदार्थ असावा आणि आग्रह नसावा. ह्याने खर्चही वाचेल. तीन, धर्मादाय रुग्णालयांच्या योजनेची कागदपत्रे समजावून देणारे दोन स्वयंसेवक मंडळाने नेमावेत. चौथी सूचना मंडळाकरिता नाही, घराघराकरिता आहे. पथ्य जरूर करावे, चालावे, आसने करावीत. परंतु चालू असलेली गोळी डॉक्टरांस विचारल्यावाचून एक दिवसही बंद करू नये. आणि तोंड वाकडे होणे, हात लुळा पडणे, वाचा जाणे, छातीत कळ येणे, साप चावणे, ह्यांपैकी काही घडले तर तेलाची वाटी शोधू नये, वाहन शोधावे.

आमचे बंधू अजूनही रोज सकाळी तलावाकडे जातात; आता काठी घेऊन, आणि अर्ध्याच वाटेपर्यंत. मीठ त्यांनी कमी केले आहे. गोळी नियमाने घेतात. रक्तदाबाची नोंद स्वतःच्या डाव्या हाताने वहीत करतात. उजव्याने अद्याप नीट लिहिता येत नाही. चालण्यामुळे आणि बेताच्या आहारामुळे गेल्या वर्षी डॉक्टरांनी त्यांच्या दोन गोळ्यांची एक गोळी केली. ती कमी केली डॉक्टरांनी, वही पाहून.

ही हकीगत येथे सांगण्यापूर्वी आम्ही त्यांची अनुज्ञा घेतली. ते क्षणभर थांबले, शब्द जुळवीत राहिले, आणि म्हणाले, “सांग. पण पाला कोणी आणला तेही सांग.” ते आज पहिल्या रांगेत बसले आहेत. त्यांची आज्ञा आम्ही पाळली आहे.